मी न वाचलेलं पान

माझ्या बायकोला वाटतं, माझ्याबद्दलचं सगळं तिला ठाऊक आहे. मी घोरतो, पैशाला चिकट आहे, लग्नाआधी कुणाच्या घरावरून सायकल फिरवायचो — सगळं. हे मात्र तिला ठाऊक नाही. माझे वडील गेले, त्यांनाही कळलं नाही. आणि जिच्याशी मी हे केलं, तिला तर मी नीट काळजी घेऊन कळू दिलं नाही. मग आता तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तरी ओळख देणार नाही — म्हणूनच असेल. मोठं धैर्य वगैरे काही नाही त्यात.

मी नागपूरचा. वडील संत्रा मार्केटमध्ये हमाली करायचे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, गल्लीतला पहिला इंजिनियर मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. खोड आहे ती माझी. आत्ताही सांगितलंच की. पण या हकिगतीत त्या खोडीचा हात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कॅनडात, ओटावाला आलो तेव्हा कानाटा या तिथल्या उपनगरात टेलिकॉमची चलती होती. मग ती बसली. एका सकाळी आमच्या फ्लोअरवरच्या निम्म्या लोकांना खोकी देऊन घरी पाठवलं, त्यात मी. बायको बाळंतपणाला नागपूरला गेलेली. मी भाड्याचा कंडो-फ्लॅट सोडला आणि एका डच बाईच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो. योहाना तिचं नाव. पंचाहत्तरीची, उंच, ताठ, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डोळ्यांचा मधला भाग गेला होता — कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे ती तुमच्याशी बोलताना तुमच्या कानाकडे बघायची. मला म्हणाली, नुसतं योहाना म्हण. मला जमेना. आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक कशी मारणार? मी 'मिसेस योहाना' म्हणायचो, तिला त्याचं हसू यायचं. मनात मात्र ती योहानाबाईच होती.

आमची ओळख झाली ती घरभर गरम हवा खेळवणाऱ्या हीटिंगच्या व्हेंटमधून. बेसमेंटमध्ये मी भिंतीसमोर उभा राहून इंटरव्ह्यूची तयारी करायचो, मोठ्याने. "माझा सर्वांत मोठा दोष म्हणजे मी फार परफेक्शनिस्ट आहे" — असं काहीसं बोलत होतो, तर छतातून आवाज आला, "हे खोटं वाटतं. दुसरं काहीतरी सांग." मी दचकलो. मग तोच आवाज म्हणाला, "इंग्रजी चांगलं आहे तुझं. वर ये. वाचून दाखव मला."

तेव्हापासून रोज दुपारी मी वर जायचो. आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायचा, मग कॉफी. कॉफीबरोबर ती डबा उघडायची, एक बिस्किट द्यायची आणि झाकण लावून टाकायची. एक म्हणजे एकच. पहिल्या दिवशी मला अपमानच वाटला. आमच्याकडे हमालाच्या घरीसुद्धा पाहुण्यापुढे पातेलं रिकामं करतात. पुढे कळलं की तिच्या सगळ्या लोकांत अशीच रीत आहे, राजा आला तरी एकच. मी म्हणालो, आमच्याकडे याला कंजूषपणा म्हणतात. ती म्हणाली, आमच्याकडे याला बिस्किट म्हणतात.

पेपर वाचायचो, टपाल वाचायचो, औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायचो. एकदा मी एक लांब लेख वाचून संपवला तेव्हा तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "छान वाचतोस. पण स्वतःचाच आवाज ऐकत वाचतोस." लागलं मला ते. खरं होतं म्हणूनच लागलं.

तिने एक कादंबरी लिहिली होती. पन्नाशीत, इंग्रजीत, इथल्याच एका छोट्या प्रकाशकाकडून आलेली, चर्चमधल्या तिच्या लोकांनीही न वाचलेली. कादंबरी म्हणायची, पण तिचीच गोष्ट — युद्धातला शेवटचा हिवाळा, हॉलंडमधलं एक लहान गाव, सोळा वर्षांची मुलगी. उपासमार, ट्यूलिपचे कंद उकडून खाणं, सायकलींना टायर नाहीत, सगळं आहे त्यात. पण ती मला म्हणाली होती, हे सगळं पुस्तक मी एका पानासाठी लिहिलं, बाकी घरातलं फर्निचर.

ते पान सांगतो. तिच्या घरासमोर कालवा होता आणि कालव्यापलीकडे शाळामास्तरांचं घर. मास्तरांनी घराच्या जमिनीखाली दोन पोरं लपवली होती, जर्मनांनी कामाला धरून नेऊ नये म्हणून. कालव्यावरचा पूल दिसायचा तो फक्त योहानाच्या माळ्यावरून. ठरलं होतं असं — पुलावर शिपाई दिसले की योहानाने माळ्याच्या खिडकीतून उशीचा पांढरा अभ्रा बाहेर टांगायचा. खिडकीत कपडे कुणाचेही वाळत असतात, संशय येत नाही. एका सकाळी शिपाई आले. तिने पाहिले. अभ्रा हातात घेतला, खिडकी उघडली. पुलावरच्या एका शिपायाने मान वर करून पाहिलं. तिने हात आत घेतला. खिडकी लावली. बस. मास्तर आणि ती दोन पोरं नेली गेली, परत आली नाहीत. मास्तरांची मुलगी ग्रीता तेव्हा सहा वर्षांची होती. मोठी होऊन तीही कॅनडात आली, इथल्याच, ऑन्टारिओतल्या लंडनजवळ तिचं घर. कादंबरी छापून आली तेव्हा पहिली प्रत योहानाबाईने तिला पाठवली होती. उत्तर आलं नव्हतं.

तर या कादंबरीवर ॲम्स्टरडॅमच्या एका कंपनीला सिनेमा करायचा होता. डच भाषेत. इथला काही पैसा त्यात येणार म्हणून पटकथेचा इंग्रजी मसुदाही तयार व्हायचा. योहानाबाईने करारात एकच गोष्ट घालून घेतली — पटकथा तिला मान्य असली पाहिजे, पानापानावर तिची सही. आणि तोंडी एकच सांगितलं, ते पान आहे तसं राहिलं पाहिजे. तिला आशा होती — ग्रीताने पुस्तक वाचलं नसेल, पण सिनेमा तरी बघेल. बघेल आणि तिला कळेल. मग ती तोंड बघणार नाही, शिव्या देईल, काय करायचं ते करेल. पण कळेल.

चर्चमधल्या डच मैत्रिणींना वाचायला लावलं असतं तर गावभर झालं असतं. त्यातल्या दोघीतिघी त्याच भागातून आलेल्या. म्हणून वाचणारा मी.

पटकथा वाचणं कादंबरीसारखं नसतं. 'आत. माळा. सकाळ.' असं सुरू होतं. कोण काय करतो ते वर्तमानकाळात, मध्ये संवाद. मी वाचायचो, ती ऐकायची, हरकत असेल तर मी समासात लिहायचो. पान पटलं की मी सहीच्या जागी फूटपट्टी धरायचो आणि ती पट्टीच्या कडेने आद्याक्षरं काढायची. पहिला मसुदा झाला, दुसरा झाला. दुसऱ्यात ते पान फार चांगलं लिहिलं होतं, एकही संवाद नाही. तिने ते माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की मला पाठ झालं.

आम्ही भांडलोही त्यावरून. मी म्हणायचो, कशाला हे जगाला दाखवायचं? सोळा वर्षांची पोर होतीस — होतात — घाबरलात, संपलं. बघा, मी कुठून आलोय ते लक्षात घ्या. माझे आजोबा गावात मान खाली घालून चालले. वडिलांनी आम्हा भावंडांना शिकवलं ते एकाच गोष्टीसाठी, मान वर राहिली पाहिजे. लाज ही आमच्यावर दुसऱ्यांनी लादलेली वस्तू होती, ती झटकायला दोन पिढ्या गेल्या. आणि ही बाई आपण होऊन स्वतःची लाज चव्हाट्यावर मांडत होती, पडद्यावर, तिकीट लावून. मला ते समजतच नव्हतं. ती म्हणायची, तुझ्यावर दुसऱ्यांनी टाकलेली होती, ती तू झटक. ही माझी स्वतःची आहे.

हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं — मला तिची मान वर ठेवायची होती. ऐकायला चांगलं आहे ना? खोटं आहे. म्हणजे थोडं खरं आहे आणि म्हणूनच जास्त खोटं आहे.

तिसरा मसुदा आला त्याच्या आदल्या दिवशी मला ॲम्स्टरडॅमहून फोन आला. मार्लीन म्हणून निर्माती होती, गोड बोलणारी. म्हणाली, ते पान थोडं बदललंय. मुलगी अभ्रा टांगते, तो वाऱ्यावर फडकतो, पण मास्तरांची पाठ खिडकीकडे असते. प्रेक्षकाला मुलगी आवडली पाहिजे, नाहीतर दीड तास तो तिच्याबरोबर बसणार नाही. सह्या वेळेत आल्या नाहीत तर कॅनडातला पैसा जाईल, मग सिनेमाच नाही. तिने मला खोटं वाच असं सांगितलं नाही. अजिबात नाही. ती एवढंच म्हणाली, तुला तिचा स्वभाव माहीत आहे, कसं सांगायचं ते तू बघ. आणि मग — सहज, फोन ठेवता ठेवता — शेवटच्या श्रेयनामावलीत माझं नाव घालायचं ठरलंय म्हणाली. पटकथा सल्लागार. स्पेलिंग सांग म्हणाली.

मी स्पेलिंग सांगितलं. एकेक अक्षर, सावकाश.

नोकरी नव्हती हो. महिने झाले होते. वडिलांना दर फोनवर सांगायचो, चालू आहे, होईल. लोक इथे माझ्या नावावरून नजर उडवून पुढचा अर्ज बघत होते आणि तिकडे पडद्यावर — बरं, नको. कारणं द्यायची नाहीत असं ठरवून बसलोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात तिसरा मसुदा वाचायला बसलो. कॉफी, बिस्किट, झाकण. पान आलं. हातात नवं पान होतं आणि मी जुनं वाचलं. पाठ होतंच. अभ्रा हातात घेते. खिडकी उघडते. शिपाई वर बघतो. हात आत घेते. मी चांगलं वाचलं. त्या दिवशी मी माझा आवाज ऐकत नव्हतो, तिचा चेहरा बघत होतो. तिने मान हलवली. म्हणाली, "ठेवलं त्यांनी." मग हात पुढे केला, आणि मी नव्या पानावर, सहीच्या जागी, फूटपट्टी धरली.

मला वाटलं होतं, हीच ती गोष्ट. इतकी वर्षं मला खुपत आली ती हीच. पण लिहायला बसलो तेव्हा कळलं की नाही, ही तर आधीची पायरी. मोठी गोष्ट पुढेच आहे. मी अजून तिच्याभोवती फिरतोय.

सिनेमा झाला. मला तोवर नोकरी लागली, बायको बाळाला घेऊन परत आली, आम्ही त्याच भागात दुसरं घर घेतलं. मी शनिवारी योहानाबाईकडे जात राहिलो — ग्रोसरी आणायला, बर्फ काढायला. आता तिला प्रवास झेपत नव्हता, म्हणून डच चर्चच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी सिनेमा दाखवायचं ठरलं.

मी तिच्या शेजारी बसलो होतो. मला डच कळत नव्हतं आणि तिला पडदा दिसत नव्हता. पण कान होते तिला. माळ्याचा प्रसंग आला. खिडकीचा आवाज. मग कापड फडफडल्याचा आवाज, मोठा, सगळ्या हॉलभर — आणि ती मुलगी डचमध्ये काहीतरी ओरडली, एकदा, दोनदा. इंग्रजी अक्षरं खाली उमटली, मास्तर, बघा, इकडे बघा. योहानाबाईचा हात माझ्या बाहीवर होता. तो तिने काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

नंतर दिवे लागले, खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. त्यांच्यात वाढदिवसाला वगैरे एक पद्धत आहे. ज्याचा मान आहे त्यालाच नव्हे, आसपासच्या सगळ्यांना हात मिळवून अभिनंदन करायचं. म्हाताऱ्या रांगेने आल्या. योहाना, तू कधी बोलली नाहीस, केवढी धीट होतीस. मग माझा हात हातात घेऊन, योहानाबद्दल अभिनंदन. पुढची, योहानाबद्दल अभिनंदन. मी थँक यू म्हणत होतो. तिने आपला हात मांडीवरून उचललाच नाही.

नागपूरला डीव्हीडी पाठवली होती. वस्तीतल्या विहारात सगळ्यांना बसवून लावली म्हणे. कुणालाच भाषा कळली नाही, तरी शेवटपर्यंत बसले. माझं नाव आलं तसं वडील उठून उभे राहिले, "थांबव ना रे, थांबव तिथंच" म्हणाले, आणि ते चित्र थांबलेलं असताना मोहल्ल्यातली पोरं एकेक येऊन माझं नाव मोठ्याने वाचून गेली. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते फोनवर मला हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता. मी त्यांचा तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

सिनेमा डच वस्त्यांमधून फिरत लंडनलाही पोचला. एका शनिवारी मी गेलो तर योहानाबाई फोनजवळच्या खुर्चीत बसलेली. कोटसुद्धा काढला नव्हता, बाहेरून आदल्या दिवशी आली तशीच बसली होती की काय, असं वाटावं. म्हणाली, ग्रीताचा फोन आला होता. ग्रीताने पुस्तक वाचलंच नव्हतं. पुलाचं वर्णन येतं तिथपर्यंत आली आणि मिटून ठेवलं. पण नातवंडांनी सिनेमाला नेलं. आणि फोनवर ती रडली. म्हणाली, योहाना, तू अभ्रा टांगलास, थँक यू.

"मला थँक यू म्हणाली," योहानाबाई म्हणाली. मग म्हणाली, सिनेमा ऐकला त्याच दिवशी करायला हवा होता, आता मी त्या मार्लीनला फोन करणार. माझ्या सहीनंतर त्यांनी पान बदललं, मी वकील करीन, पेपरात देईन. फोन लावून दे.

आता — इथे.

मी फोन लावून दिला असता तर काय झालं असतं? मार्लीनने दोन मिनिटांत सांगितलं असतं, सही आहे, पान आहे, वाचणारा तुमचाच माणूस. मी उघडा पडलो असतो. एवढंच. नोकरी होती, बायको होती, मूल होतं. फक्त एका म्हाताऱ्या बाईच्या नजरेतून उतरलो असतो — जी नजर मुळात माझ्या कानाकडे असायची. तेवढंसुद्धा मला नको होतं.

मी म्हणालो, "मिसेस योहाना, पान बदललेलंच होतं. मी वाचलं होतं तुम्हाला. तुम्ही विसरलात."

ती म्हणाली, शक्य नाही.

मी कपाटातून मसुद्याची घरी ठेवलेली, सह्या केलेली दुसरी प्रत काढली. ते पान काढलं आणि वाचलं. या वेळी जे लिहिलं होतं तेच वाचलं, अभ्रा टांगते, फडकतो, मास्तरांची पाठ. मग तिचं बोट धरून खाली नेलं. शाई दाबून लिहायची तिची सवय होती, अक्षरं बोटाला लागायची. म्हणालो, ही तुमची सही. तिने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

तिची आई विसरभोळी होऊन गेली होती. शेवटी लेकीला ओळखत नव्हती. योहानाबाईला जगात एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती गोष्ट तिने मला सांगितलेली होती, त्याच स्वयंपाकघरात. मला ती माहीत होती. हे तुम्हाला नीट कळावं म्हणून वेगळं सांगतो — मला माहीत होती, आणि मी तीच वापरली.

तिने मार्लीनला फोन केला नाही. ग्रीतालाही खरं सांगितलं नाही. ती डॉक्टरकडे गेली, स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. घरी येऊन मला म्हणाली, ज्याला विसरायला होतं त्याला कुठे कळतं. त्यानंतर ती वाद घालायची थांबली. चहात साखर घातली का, बिल भरलं का — मला विचारायची, आणि मी सांगेन ते खरं धरायची. एकदा बिस्किटांचा डबा उघडाच राहिला आणि मी दुसरं घेतलं. ती काही बोलली नाही. तिला आठवत नव्हतं की तिने एक दिलंय की नाही, की तिने स्वतःवर विश्वास ठेवायचंच सोडलं होतं? मी ते बिस्किट खाल्लं.

मग एका शनिवारी तिने विचारलं. खिडकीशी उभी होती, पाठमोरी.

"मिलिंद, मी तो अभ्रा टांगला असेल का? ते विसरलेय, तसं हेही विसरले असेन का?"

साठ वर्षं त्या बाईने एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. हात आत घेतल्याची. तिचं ते एकच पान. आणि ते आता तिच्या हातातून सुटत होतं, आणि ते सोडवणारा मी तिच्यामागे उभा होतो. एक वाक्य पुरेसं होतं. मी खोटं वाचलं. तीन शब्द.

मी म्हणालो, "कदाचित."

ग्रीता दर रविवारी फोन करायची. पुढे भेटायलाही आली, एक-दोनदा. दोघी सोफ्यावर हातात हात घेऊन बसायच्या. ग्रीता बोलायची आणि योहानाबाई ऐकायची. मला हे बघून बरं वाटायचं. मी मनाशी म्हणायचो, वाईट काय झालं? एकीला आभार मिळाले, दुसरीला कुणीतरी प्रयत्न केला होता हे समाधान मिळालं. शेवटची वर्षं बरी गेली दोघींची. मी जणू एक उपकारच केला होता. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो, ते मला तेव्हा कळलं नाही.

योहानाबाई गेली ती वसंत ऋतूत, झोपेत. प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले. कॉफी, बनमध्ये हॅम. मला चार शब्द बोलायला सांगितलं, मी बोललो. इंग्रजी चांगलं आहे माझं. तिने मला वाचायला शिकवलं असं काहीतरी म्हणालो, लोकांना आवडलं.

मग ग्रीता माझ्याकडे आली. सत्तरीची, ठेंगणी, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. म्हणाली, तुम्ही तिच्या सर्वांत जवळचे होतात, म्हणून विचारते. आणि मग तिने सांगितलं. सिनेमात वडिलांची पाठ खिडकीकडे दाखवली आहे. पण वडिलांना खिडकीकडे बघायचंच नव्हतं. ते काम तिचं होतं. वडिलांनी सहा वर्षांच्या ग्रीताला खिडकीपाशी स्टुलावर बसवून ठेवलेलं असायचं — समोरच्या माळ्यावर पांढरं दिसलं की पळत येऊन सांग. त्या दिवशी ती तिथेच बसली होती. पांढरं काही दिसलं नाही. त्यामुळे आयुष्यभर तिला वाटत होतं की अभ्रा टांगलाच नव्हता. सिनेमा बघितला आणि कळलं की टांगला होता. "म्हणजे मीच बघत नव्हते," ती म्हणाली. "बाहुलीशी खेळत असेन. योहानाने एवढा जीव धोक्यात घातला आणि मी बघितलंच नाही. इतकी वर्षं फोनवर बोलत होतो आम्ही, पण तिने मला एकदाही दोष दिला नाही. मला विचारायचा धीर झाला नाही. तुम्ही नेहमी तिच्याजवळ होतात. ती तुमच्याशी कधी बोलली का याबद्दल?"

हातात कॉफीचा कप होता. हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या.

मी म्हणालो, "नाही. कधीच नाही."

तिने माझा हात दाबला आणि योहानाबद्दल काहीतरी म्हणाली, डचमध्ये.

ग्रीताबाई अजून आहेत. लंडनजवळच्या त्याच घरात, नजर अजून चांगली आहे, पत्ता माझ्याकडे आहे. त्यांना इंग्रजी येतं, डच येतं. मला इंग्रजी उत्तम येतं. हे मी मराठीत लिहिलं आहे.